घर, कचेरी आणि नकाशा: इंग्लंडमधील व्हिक्टोरियन रेक्टरीची वास्तुरचना

मित्रहो,

इंग्लंडच्या ग्रामीण भागात ‘ओल्ड रेक्टरी’, म्हणजे गावच्या धर्मोपदेशकाचे जुने निवासस्थान, या नावाची घरे गावोगाव आढळतात. चर्चपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या झाडांच्या आड, चढ्या छपराचे आणि उंच धुराड्यांचे एक ऐसपैस घर असते. आज त्यात एखादे सधन कुटुंब राहत असते किंवा तेथे लहानसे हॉटेल चालत असते, आणि चर्चशी त्याचे नाते फाटकावरच्या पाटीपुरतेच उरलेले असते. या घरांचे वर्णन करताना टोकदार कमानी, रंगीत विटांचे पट्टे, छपराच्या कडेची कोरीव लाकडी झालर यांचाच उल्लेख अधिक होतो. त्या गोष्टी देखण्या आहेतच. पण या घरांचे खरे मोल त्यांच्या नकाशात आहे, असे मला ठामपणे वाटते. ज्याच्या मालकीचे घर नाही, ज्याच्या दारी सारे गाव कामासाठी येते आणि ज्याने तरीही प्रतिष्ठित गृहस्थाप्रमाणे कुटुंबासह राहावे अशी समाजाची अपेक्षा आहे, अशा माणसासाठी घर कसे बांधावे, या प्रश्नाचे उत्तर त्या नकाशात आहे. आज मी त्याच अंगाने बोलणार आहे.

आधी या माणसाचे उत्पन्न समजून घेतले पाहिजे, कारण घराचा आकार त्यावरच ठरे. चर्च ऑफ इंग्लंडच्या व्यवस्थेत प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या कक्षेत येणाऱ्या गावाला किंवा गावांच्या समूहाला, एक धर्मोपदेशक नेमलेला असे. पॅरिशमधील शेतीच्या उत्पन्नाचा दशांश ज्याला पूर्णपणे मिळे तो रेक्टर. धान्य आणि गवत यांचा मोठा दशांश एखाद्या महाविद्यालयाकडे, कॅथीड्रलकडे किंवा जमीनदाराकडे गेलेला असून ज्याच्या वाट्याला किरकोळ दशांशच उरे तो व्हिकर. त्यांची घरे ती अनुक्रमे रेक्टरी आणि व्हिकरेज, आणि दोहोंना मिळून पार्सनेज म्हणत. बांधणीच्या दृष्टीने त्यांत तत्त्वाचा फरक नाही. रेक्टरच्या हाती साधारणपणे पैसा अधिक असे, एवढेच. याशिवाय पदाला जोडलेली शेतजमीन असे, तिला ग्लीब म्हणत. आपल्याकडील वतनाची कल्पना येथे उपयोगी पडेल: पदाला जोडलेली जमीन, घर आणि उत्पन्नाचा हक्क असे ते सगळे होते. मात्र हे पद वंशपरंपरेने चालत नसे. रेक्टर वारला की त्याच्या विधवेला आणि मुलांना घर सोडावे लागे, आणि घरात झालेल्या पडझडीची भरपाई मृताच्या मालमत्तेतून नव्या रेक्टरला द्यावी लागे. हा हिशेब अनेकदा कटुतेचा होई, म्हणून १८७१ च्या कायद्याने बिशपच्या प्रत्येक प्रांतात अशी पाहणी करणारे अधिकृत सर्वेक्षक नेमण्याची तरतूद झाली. घर आपले नसताना त्याच्या प्रत्येक फुटक्या कौलाची जबाबदारी आपली, ही जाणीव रेक्टरला नेहमीच असे. जाड भिंती, टिकाऊ दगड, नीट निचरा करणारे छप्पर यांवरचा त्याचा भर त्या जाणिवेशी सुसंगतच होता.

अठराव्या शतकात पुष्कळ धर्मोपदेशक आपल्या पॅरिशमध्ये राहतच नसत. एकाच्या नावावर दोन-तीन पॅरिश असत, प्रत्यक्ष काम तुटपुंज्या पगारावरचा क्युरेट, म्हणजे साहाय्यक धर्मोपदेशक, करी, आणि पॅरिशमधले घर म्हणजे बऱ्याच ठिकाणी गवताने शाकारलेली, मातीच्या भिंतींची झोपडीच असे. ‘राहण्यायोग्य घर नाही’ हे गैरहजेरीचे मान्य कारण होते, आणि कोणी राहत नसल्यामुळे घर आणखी ढासळत जाई. हे चक्र तोडायला कर्जाची व्यवस्था कारणीभूत झाली. गरीब धर्मोपदेशकांच्या मदतीसाठी १७०४ मध्ये ‘क्वीन ॲन्स बाउंटी’ हा निधी स्थापन झाला होता. १७७६ मध्ये टॉमस गिल्बर्ट या संसद-सदस्याच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला आणि पदाचे उत्पन्न गहाण ठेवून घरासाठी कर्ज काढण्याची मुभा मिळाली. सुरुवातीला ही मर्यादा दोन वर्षांच्या निव्वळ उत्पन्नाइतकी होती, पुढे ती वाढवण्यात आली. महत्त्वाची गोष्ट अशी की कर्ज त्या व्यक्तीवर नसून पदावर चढे. एकाने बांधलेल्या घराचे हप्ते त्याच्यामागून येणारा फेडी. १८३६ मध्ये दशांशाचे रूपांतर रोख रकमेत झाले आणि गहू, बार्ली व ओट या धान्यांच्या सात वर्षांच्या सरासरी भावावर ती रक्कम ठरू लागली. १८३८ च्या कायद्याने अनेक पदे एकाच्या हाती ठेवण्यावर कडक बंधने घातली आणि पॅरिशमध्ये राहणे टाळणे अवघड केले. उत्पन्न निश्चित, कर्ज उपलब्ध आणि राहण्याची सक्ती, अशा तिन्ही गोष्टी व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या आरंभीच जुळून आल्या. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत गावोगाव रेक्टऱ्या उभ्या राहिल्या, त्या यामुळे.

वास्तुकलेच्या अभ्यासकाला या कर्जव्यवस्थेचे विशेष ऋण मानले पाहिजे. कर्जाच्या अर्जाबरोबर जुन्या घराच्या अवस्थेचा दाखला, नव्या घराचे नकाशे, बांधकामाचे तपशीलवार वर्णन आणि खर्चाचा अंदाज द्यावा लागे. हे कागद बिशपच्या दप्तरात जमा होत आणि आज त्यांपैकी पुष्कळसे परगण्यांच्या अभिलेखागारांत पाहता येतात. सामान्य ऐपतीच्या माणसाच्या घराची इतकी व्यवस्थित कागदपत्रे एकोणिसाव्या शतकातल्या दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या घरांसाठी क्वचितच मिळतात. जुन्या घराचे दगड, तुळया आणि कौले नव्या बांधकामात कुठे वापरायची, हेसुद्धा त्यांत लिहिलेले आढळते. एखाद्या रेक्टरीच्या मागच्या अंगाला दर्शनी भागाशी विसंगत अशी जाड, ओबडधोबड भिंत दिसली, तर तिचे कारण या कागदांत सापडण्याची शक्यता मोठी असते.

आता घराकडे वळू. व्हिक्टोरियापूर्व पिढीची रेक्टरी ही बहुधा सममित चौकोनी पेटी असे. मध्यभागी दार, दोन्ही बाजूंना सारख्या खिडक्या, वर तेवढ्याच खिडक्यांची दुसरी रांग, आणि बेताच्या उताराचे छप्पर. बाहेरून सममिती साधायची म्हणून आत कोठीघर असो वा दिवाणखाना, खिडकीचे माप एकच. जिथे खिडकीची गरज नसे तिथे भिंतीत नुसता खिडकीच्या आकाराचा कोनाडा करून ठेवत. नॉर्दॅम्प्टनशरमधील वॅपनहॅम येथील रेक्टरी याच परंपरेतली आहे. ती १८३३ ची, म्हणजे व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या चार वर्षे आधीची. तिचा आराखडा काढणारा तरुण जेमतेम बावीस वर्षांचा होता आणि ती त्याने आपल्या वडिलांसाठी, तेथे नव्याने रेक्टर झालेल्या धर्मोपदेशकासाठी केली. त्या तरुणाचे नाव जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट. टोकदार कमानींच्या मध्ययुगीन गॉथिक शैलीचा जो प्रचंड व्याप त्याने पुढे मांडला त्याची चाहूल या पहिल्या घरात लागत नाही. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई मनोरा ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्याच वास्तुविशारदाची उत्तरकालीन भरारी पाहिली आहे; तो स्वतः मात्र मुंबईला कधी आला नाही, ते आराखडे त्याने लंडनमधूनच पाठवले. स्कॉटचा जन्मही पार्सनेजमधलाच, बकिंगहॅमशरमधील गॉकॉट येथला. या घरांत वाढलेली मुलेच पुढे या घरांची शिल्पकार झाली, ही त्या काळाची एक लक्षणीय गोष्ट आहे.

वॅपनहॅमपासून बारा-तेरा वर्षे पुढे जाऊ आणि डॉर्सेटमधील रॅम्पिशॅम या खेड्यात येऊ. तेथील रेक्टरी १८४५ ते १८४७ या काळात ऑगस्टस वेल्बी पुजिन याच्या आराखड्याने बांधली गेली. पुजिन १८३५ मध्ये कॅथलिक झाला होता आणि त्याचे बहुतेक आश्रयदाते कॅथलिकच होते; अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या, धर्मोपदेशकासाठी त्याने केलेले हे काम म्हणून अपवादात्मक ठरते. आज हे घर खासगी मालकीचे असून संरक्षित इमारतींच्या यादीत सर्वोच्च श्रेणीत आहे. त्याचे महत्त्व कळण्यासाठी पुजिनची भूमिका थोडक्यात सांगायला हवी. १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्याने असा आग्रह धरला की सोय, बांधणी किंवा औचित्य यांपैकी कशासाठीही आवश्यक नाही असे इमारतीत काही असू नये, आणि अलंकार हा बांधणीच्याच अवयवांचा शृंगार असावा. यातला औचित्याचा मुद्दा रेक्टरीला नेमका लागू पडतो. घराने आपण काय आहोत ते बाहेरून सांगितले पाहिजे: हे सरदाराचे प्रासाद नव्हे, व्यापाऱ्याचा बंगला नव्हे, चर्चही नव्हे, हे चर्चच्या सेवकाचे घर आहे.

पुजिन या मुक्कामाला सहज पोहोचला नाही. सॉल्सबरीजवळ १८३५ मध्ये त्याने स्वतःसाठी बांधलेल्या ‘सेंट मेरीज ग्रेंज’ या घरात ना दालन होते ना मार्गिका. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जावे लागे आणि वर जाण्यासाठी गोल जिना होता. मध्ययुगीन आभास उत्तम, पण संसाराला ते घर गैरसोयीचे होते. रॅम्सगेट येथे १८४३-४४ मध्ये त्याने दुसरे घर बांधले, तेव्हा हा प्रश्न त्याने मुळातून सोडवला. मध्यभागी दोन मजली उंचीचे जिन्याचे दालन ठेवले आणि दिवाणखाना, ग्रंथालय व भोजनगृह या खोल्या त्याच्याभोवती अशा मांडल्या की प्रत्येकीची लांबी वेगळ्या दिशेला जाते. प्रत्येक खोलीवरचे छप्पर त्यामुळे शेजारच्या छपराशी काटकोन करते, आणि बाहेरून पाहताना जी अनियमित गेबलांची गर्दी चित्रमय वाटते, ती मुळात आतल्या मांडणीची सरळ परिणती असते. गेबल म्हणजे छपराचे दोन पाखे जिथे संपतात तिथली त्रिकोणी भिंत. मुद्दाम वेडेवाकडे घर बांधणे आणि नकाशा आपल्या गरजेने वाढला म्हणून घर वेडेवाकडे दिसणे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. रॅम्पिशॅममध्ये हा विचार पार्सनेजच्या गरजांना लावलेला दिसतो. कोणताही दर्शनी भाग दुसऱ्यासारखा नाही, आणि जिथे खिडकी मोठी आहे तिथे खोली मोठी आहे. अशा घरांत दोन मजल्यांच्या अधल्यामधल्या उंचीवर खिडकी दिसली की आत जिना आहे असे समजावे, आणि भिंतीतून धुराडे बाहेर आलेले दिसले की त्याच्या पाठीशी शेकोटी आहे असे समजावे. घर बाहेरून वाचता येते.

या वाचनातली सर्वांत महत्त्वाची खोली कोणती, असे मला विचाराल तर मी दिवाणखान्याचे नाव घेणार नाही. ती खोली म्हणजे रेक्टरची अभ्यासिका. व्हिक्टोरियन रेक्टरीचा कोणताही चांगला नकाशा घ्या; अभ्यासिका मुख्य दाराला लागून असते, आणि पुष्कळ नकाशांत तिला बाहेरून स्वतंत्र दार किंवा बाजूच्या मार्गिकेतून जवळची वाट दिलेली असते. याचे कारण रेक्टरच्या कामात आहे. प्रवचनाची तयारी हा त्यातला एक भाग झाला. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी, दशांशाचे हिशेब, कपड्यांच्या आणि कोळशाच्या बचतगटांची वसुली, शाळेचा कारभार, लग्न ठरवायला आलेली जोडपी, मजुरीची शिफारस मागायला आलेले मजूर, घरी दुखणे आहे म्हणून मदत मागायला आलेल्या बायका, आणि काही रेक्टर न्यायदंडाधिकारीही असत म्हणून त्यांच्यासमोर येणारे तंटे, हे सगळे त्या एका खोलीत चाले. १८१२ च्या कायद्याने पॅरिशच्या नोंदवह्या लोखंडी पेटीत, कोरड्या आणि सुरक्षित जागी, चर्चमध्ये किंवा धर्मोपदेशकाच्या राहत्या घरी ठेवणे बंधनकारक केले होते. म्हणजे घराचा एक कोपरा कायद्यानेच दप्तरखाना झाला होता. चिखलाच्या बुटांनी आलेला शेतमजूर दिवाणखान्यासमोरून न जाता रेक्टरपर्यंत पोहोचला पाहिजे, त्याला संकोच वाटू नये, त्याची गाऱ्हाणी घरातल्या माणसांच्या कानी पडू नयेत, आणि घरातल्या बायकामुलांचा दिवसही अखंड चालावा, इतक्या अपेक्षा त्या एका दाराच्या जागेने पूर्ण करायच्या होत्या. अभ्यासिकेची खिडकी बऱ्याचदा प्रवेशमार्गाकडे असते, त्यामुळे येणारा कोण आहे हे आधीच दिसते. वास्तुविशारदाच्या कौशल्याची कसोटी मला या खोलीत दिसते. टोकदार कमान कोणीही काढू शकतो.

यात त्या समाजाची उतरंडही स्पष्ट उमटलेली आहे आणि ती झाकण्याचे कारण नाही. मजुरासाठी वेगळे दार असणे ही सोय होती, तशीच ती पायरी दाखवणारी खूणही होती. जमीनदाराची पत्नी पुढच्या पोर्चमधून, मिंटनच्या कारखान्यात घडलेल्या रंगीत नक्षीदार फरशांवरून दिवाणखान्यात जाई. मजूर बाजूने येई. खाटीक आणि नानबाई मागच्या अंगणात येत. एकाच घराला तीन प्रकारची माणसे तीन वाटांनी भेटत, आणि नकाशा काढणाऱ्याला या तिन्ही वाटा एकमेकींना न छेदता आत न्याव्या लागत.

मागचे अंगण म्हटले की नोकरांच्या पंखाचा विषय येतो. मुख्य घरापेक्षा ठेंगणा, साध्या खिडक्यांचा आणि कमी उंचीच्या छपराचा हा भाग बहुधा उत्तरेला किंवा पूर्वेला जोडलेला असे. स्वयंपाकघर, भांडी घासण्याची मोरी, कोठीघर, दुधदुभत्याची थंड खोली, कोळशाची खोली, नोकरांची बसण्याची जागा आणि माडीवर त्यांच्या झोपण्याच्या खोल्या असा त्याचा विस्तार असे, आणि वर जायला वेगळा अरुंद जिना असे. मोरीत हातपंप असे, आणि छपरावरचे पावसाचे पाणी पन्हळींतून जमिनीखालच्या टाकीत साठवून कपडे धुण्यासाठी वापरत. खोल्याखोल्यांतून ओढायच्या घंटांच्या तारा भिंतींतून आणि छताखालून फिरत स्वयंपाकघराजवळच्या घंटांच्या रांगेपर्यंत येत. मुख्य घर आणि हा पंख यांच्यामध्ये जाड हिरवे कापड ठोकलेले एक दार असे, त्याने वास आणि आवाज अडे. अंगणापलीकडे घोड्यांचा तबेला, बग्गीची खोली आणि वर गवताचा माळा. ग्लीबची शेती रेक्टर स्वतः करवून घेत असेल तर कोठारही. या सगळ्या पसाऱ्याचे मला विशेष कौतुक वाटते ते अशासाठी, की साधे असूनही यात हलगर्जी नसे. तबेल्याच्या छपराचा उतारही मुख्य घराच्या छपराशी सूर जुळवून घेतलेला असे.

सूर्याच्या दिशेचा विचार आपल्याकडच्या नेमका उलट आहे. आपण उन्हापासून घर वाचवतो; तेथे मिळेल तेवढे ऊन घरात घ्यायचे असते. म्हणून प्रवेश उत्तरेकडून ठेवण्याकडे कल असे: दक्षिण आणि आग्नेय बाजू दिवाणखान्याला आणि बागेला मोकळी राहते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजरही त्या बाजूस पडत नाही. भोजनगृहाला पश्चिमेची खिडकी टाळत, कारण संध्याकाळचे तिरपे ऊन जेवणाऱ्यांच्या डोळ्यांवर येते. कोठीघर उत्तरेलाच हवे. ऊब मात्र सूर्यावर सोपवता येत नाही, म्हणून प्रत्येक मोठ्या खोलीत कोळशाची शेकोटी आणि प्रत्येक शेकोटीला स्वतंत्र नळी. अनेक खोल्यांच्या नळ्या भिंतींतून वळवून दोन-तीन ठिकाणी एकत्र आणायच्या आणि तेथे उंच धुराडे उभारायचे, हे गवंड्याचे अवघड काम होते. धुराडे साफ करण्यासाठी लहान मुलांना आत चढवण्याच्या क्रूर प्रथेविरुद्ध १८४० मध्ये जो कायदा झाला, त्यात नव्या नळीची पोकळी किमान १४ बाय ९ इंच असावी असेही ठरवून दिले होते. धुराड्याची उंची शोभेसाठी नसते; छपराच्या कण्याच्या वर पुरेसे गेल्याशिवाय धूर नीट ओढला जात नाही, आणि छप्पर चढे असेल तर धुराडेही उंच होणारच.

पुजिननंतर या प्रकाराला खरी परिपक्वता आणली ती विल्यम बटरफील्ड आणि जॉर्ज एडमंड स्ट्रीट या दोघांनी. केंब्रिज कॅम्डेन सोसायटी १८३९ मध्ये स्थापन झाली आणि चर्चच्या बांधकामात मध्ययुगीन काटेकोरपणा आणण्याची जी चळवळ तिने उभारली, तिच्याशी या दोघांचाही जवळचा संबंध होता. ग्लॉस्टरशरमधील कोलपिट हीथ येथे बटरफील्डने १८४४-४५ च्या सुमारास चर्चबरोबरच व्हिकरेजही बांधले. ते पाहताना पहिल्यांदा जाणवतो तो साधेपणा. चढे छप्पर, भिंतीला टेकून वर गेलेले जाड धुराडे, गेबलाचा पोर्च, आणि जिथे लागेल तिथे लागेल त्या मापाची खिडकी. नक्षीकाम जवळजवळ नाही. बटरफील्डने पुढच्या पार्सनेजांत वर-खाली सरकणारी नेहमीची चौकोनी खिडकीच वापरली आणि तिच्यावर भार पेलणारी टोकदार विटांची कमान उघडी ठेवली. सोयीसाठी आधुनिक खिडकी, बांधणीसाठी कमान, आणि दोन्ही आपापल्या जागी लपवाछपवी न करता. माझ्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी घराने शोधलेल्या उत्तम युक्त्यांपैकी ही एक आहे. हाच बटरफील्ड आपल्यालाही अगदी अपरिचित नाही. कुलाब्याच्या अफगाण चर्चच्या अंतर्भागातील सजावटीचा काही भाग त्याच्या आराखड्यावरून झालेला आहे.

स्ट्रीटने १८४९-५० मध्ये वाँटेज येथे विल्यम बटलर या व्हिकरसाठी व्हिकरेज बांधले आणि मग काही काळ तेथेच मुक्काम केला. पुढे त्याची कचेरी ऑक्सफर्डला गेली. तेथे १८५४ मध्ये फिलिप वेब मदतनीस म्हणून आला आणि १८५६ मध्ये विल्यम मॉरिस शिकाऊ म्हणून आला. १८५९ मध्ये वेबने मॉरिससाठी लंडनजवळ बेक्स्लीहीथ येथे जे ‘रेड हाउस’ रेखाटले, ते आधुनिक घराच्या इतिहासात मैलाचा दगड मानले जाते. त्याचा लाल विटांचा साधेपणा, चढी कौलारू छपरे, टोकदार कमानींखालच्या सरकत्या खिडक्या आणि नकाशातून उगवलेला आकार ही सगळी पार्सनेजची भाषा आहे. खेड्यातल्या धर्मोपदेशकांच्या घरांवर पंधरा वर्षे जे शिक्षण झाले, त्यातून ते घर आले. रेक्टऱ्यांना वास्तुकलेच्या इतिहासात तळटीपेची जागा देणे म्हणूनच मला अन्यायाचे वाटते.

साहित्याविषयी थोडक्यात सांगतो. काचेवरचा कर १८४५ मध्ये, विटांवरचा १८५० मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये रद्द झाला. रेल्वेने वेल्सची स्लेट आणि दूरच्या भट्ट्यांच्या विटा कुठेही पोहोचवल्या. त्यामुळे चुनखडीच्या दगडाच्या गावात अचानक लाल विटांची रेक्टरी उभी राहू शकली, आणि काही ठिकाणी ती गावाशी फटकूनही वागते. चांगल्या वास्तुविशारदांनी स्थानिक दगड सोडला नाही: कॉट्सवोल्डमध्ये मधाच्या रंगाचा चुनखडक, नॉर्दॅम्प्टनशरमध्ये तांबूस लोहयुक्त दगड, दक्षिणेत गारगोटी आणि विटा यांचे पट्टे.

या सर्व घरांचा आर्थिक पाया मात्र धान्याच्या भावावर होता, आणि १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतून स्वस्त गहू येऊ लागताच तो ढासळला. मुळात शंभर पौंड ठरलेली दशांशाची रक्कम शतकाच्या अखेरीस सत्तर पौंडांच्याही खाली आली. घर मात्र तेवढेच राहिले: तितक्याच शेकोट्या, तितकेच छप्पर, तितकाच नोकरांचा पंख. दशांशाची व्यवस्था १९३६ मध्ये संपुष्टात आली. १९३८ च्या कायद्याने पार्सनेज विकणे सोपे केले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, जेव्हा नोकर मिळेनात आणि एकेका धर्मोपदेशकाकडे अनेक पॅरिश सोपवले जाऊ लागले, तेव्हा ही घरे मोठ्या संख्येने विकली गेली. व्हिक्टोरियन वास्तुकलेला त्या काळी फारशी किंमत नव्हती. तिच्या रक्षणासाठी व्हिक्टोरियन सोसायटी स्थापन झाली ती १९५८ मध्ये.

आजच्या मालकांनी पुष्कळ घरे प्रेमाने सांभाळली आहेत, हे मनापासून मान्य केले पाहिजे. तरीही काही बदल मला काळजीचे वाटतात. दगडांच्या सांध्यांतला चुना काढून सिमेंट भरले की जाड भिंतीतला ओलावा बाहेर पडण्याची वाट बंद होते, मग दगडाचाच पापुद्रा सुटू लागतो; हे नुकसान हळू होते आणि भरून येत नाही. बाहेरून दिसणाऱ्या खिडक्या आणि धुराडी यांच्याबाबत लोक सावध असतात, पण आतला नकाशा सहज मोडला जातो. स्वयंपाकघर, मोरी आणि कोठीघर यांच्यामधल्या भिंती पाडून एक मोठी खोली केली जाते, हिरव्या कापडाचे दार निघून जाते, मागचा जिना कपाट होतो, आणि अभ्यासिकेचे बाजूचे दार विटांनी बुजवले जाते. संरक्षित इमारतीत असे बदल करायला परवानगी लागते, हे खरे. परंतु परवानगी मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला त्या बाजूच्या दाराचा अर्थ ठाऊक नसेल, तर एक ‘अनावश्यक’ दार कमी झाले एवढेच नोंदले जाते. कमानीची दुरुस्ती करता येते. वाट बुजली की ते घर कशासाठी बांधले होते हे कळण्याचा मार्गच बुजतो. म्हणून अशा घराची पाहणी करणाऱ्याने आधी अभिलेखागारातला मूळ नकाशा मागवावा आणि मग घरात पाऊल टाकावे, असे मी आग्रहाने सांगेन.

चर्चने जुन्या रेक्टऱ्या विकल्या तेव्हा धर्मोपदेशकासाठी नवी, लहान घरे बांधली. कित्येकदा जुन्या घराच्या भाजीपाल्याच्या वाडीतच. चार शयनकक्षांची, कमी उंचीच्या छताची ही घरे पाहून कोणी वळूनही पाहणार नाही. मात्र त्यांच्यासाठी चर्चने जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली, त्यांत अभ्यासिका पुढच्या दाराजवळ असावी, आणि भेटायला येणाऱ्याला कुटुंबाच्या खोल्यांतून न जाता तेथे पोहोचता यावे, ही अपेक्षा आजही आहे. पुजिनचे गेबल आणि बटरफील्डच्या कमानी मागे पडल्या, पण त्या दोघांनी ज्या गरजेभोवती घर रचले होते ती गरज धर्मोपदेशकाच्या कामात आजही तशीच आहे, आणि नकाशात तिची जागाही तीच आहे.